दोन मिनिटं डोळे मिटून

हृषीकेश सबनीसांनी मनुका जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि ती या गालातून त्या गालात फिरवायला सुरुवात केली. एक मनुका, तीन मिनिटं. हे लतिकानंच त्यांना शिकवलं होतं. चुळचुळ आवाज केबिनभर ऐकू येत होता.

"अहाहा," ते डोळे न उघडताच म्हणाले. "आजवर नुसतं बकाबका गिळत आलो हो आपण, वहिनी."

वहिनी म्हणायचं कारण एवढंच, की लतिकाचा नवरा सुबोध लखनौच्या मानक नगरला रेल्वेत इंजिनियर होता आणि मराठी मंडळाच्या गणपतीत त्याची सबनीसांशी ओळख झाली होती. सबनीस शहराबाहेर, बख्शी का तालाबच्या पुढे, रेल्वेचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे जनरल मॅनेजर. रागीट माणूस, फोन भिंतीवर आपटणारा. लतिकानं पुण्याहून मन शांत ठेवायला शिकवणाऱ्या कोचिंगचा कोर्स केला होता, पण लखनौत कोचिंग म्हणजे इंजिनियरिंगच्या परीक्षेचा क्लास. कारखान्याच्या गेटवरचा दरबान अजूनही तिला विचारायचा, "मैडम, मैथ्स पढ़ाती हैं कि फिजिक्स?" असल्या गावात सबनीस हे तिचं पहिलं मोठं गिऱ्हाईक होतं. त्यांचा राग सहा आठवड्यांत उतरला होता आणि तिला स्वतःचा अभिमान वाटत होता. अगदी आजच्या सेशनपर्यंत.

मनुका संपली. सबनीसांनी डोळे उघडले.

"आज तुम्हाला एक गंमत सांगायचीय. त्या मोहनची बायको सकाळी केबिनमध्येच घुसली."

मोहन म्हणजे पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर उजवा हात गमावलेला कामगार. तो अपघाताच्या पाळीत कामावर होता, असं लिहून सबनीसांनी सही केली, तरच पुढचे उपचार कामगार विम्यातून होणार होते. नाहीतर तो आपणहून मशीनपाशी गेला, असं ठरणार होतं. सुपरवायझरनं हजेरीच्या रजिस्टरातून नाव गाळलं होतं. अपघात कारखान्याच्या अंगावर येऊ नये म्हणून गाळलं, हे लतिकाला कळत होतं. कोचनं मत द्यायचं नसतं, फक्त प्रश्न विचारायचे असतात, म्हणून ती मागच्या दोन्ही सेशनना गप्प बसली होती.

"मग?"

"मग काय, रडली, ओरडली, टेबलावर हात आपटले. पूर्वीचा मी असतो तर? एकतर धक्के मारून बाहेर काढली असती, नाहीतर कटकट नको म्हणून सही करून मोकळा झालो असतो. पण तुमचं आठवलं. थांबा, श्वास घ्या, बघा. वीस मिनिटं श्वास बघत बसलो, वहिनी. वीस! आवाजसुद्धा चढला नाही."

"आणि सही?"

"करावी असा विचार आला ना. नाही कशाला म्हणू? तो नुसता पाहिला. आला तसा गेला." त्यांनी हातानं हवेत एक ढग लांब ढकलला. तो हातसुद्धा लतिकाचाच होता. पहिल्या दिवशी तिनं तो तसाच हलवून दाखवला होता.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. लतिकाला किळस आली. त्या गुळगुळीत चेहऱ्याची, टेबलावरच्या मनुकांच्या डबीची, आपल्याच तोंडच्या शब्दांची. फोन आपटणारा सबनीस बरा होता, असं तिला मनापासून वाटलं. त्या सबनीसाला निदान काहीतरी टोचत तरी होतं.

"तिच्या हातात काय होतं?" तिनं विचारलं.

"कोणाच्या?"

"मोहनच्या बायकोच्या. तुम्ही वीस मिनिटं बघत होतात ना?"

"असेल काहीतरी. कागदबिगद."

"साडी कुठल्या रंगाची होती?"

सबनीस हसले, पण कपाळावर बारीकशी आठी आली. "हे काय आता, ओळख परेड? तुम्हीच सांगा की. गेले तीन आठवडे तुम्ही येता तेव्हा ती बाहेर बाकावरच असते."

 लतिकाला बाक आठवत होता. बाहेरचा कूलर, त्याचं गळणारं पाणी, सगळं आठवत होतं. सेशनच्या आधी मन स्थिर करायला ती दर वेळी त्याच बाकावर पर्स ठेवायची आणि दहा श्वास मोजायची. शेजारी कोणीतरी सरकून जागा द्यायचं.

"जाऊ दे," सबनीस उदारपणे म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून आपल्या अकराही सुपरवायझरांना तुम्ही घ्यायचंय. पत्र या ड्रॉवरमध्ये तयार आहे, सही तेवढी राहिलीय. आणि हो, जाता जाता एक करा. बाहेर बसलीय ना, तिलाही दोन मिनिटं श्वास शिकवा. बिचारीचं डोकं शांत होईल. गेटवर तमाशे थांबतील."

अकरा सुपरवायझर. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते पत्र ड्रॉवरमध्ये तयार होतं. ते नको म्हणायचं की हो म्हणायचं, हे तिला लगेच ठरवता येईना, याचीही तिला शिसारी आली.

"शेवटची दोन मिनिटं करू," ती म्हणाली. "डोळे मिटा. मी घंटी वाजवेपर्यंत उघडू नका."

सबनीसांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले. ती उठली आणि दार लोटून बाहेर आली.

बाकावरची बाई तिला पाहताच सवयीनं सरकली. साडी जांभळी होती, धुऊन धुऊन विटलेली. लतिकानं पर्स ठेवली नाही. ती स्वतःच शेजारी बसली.

"आपका नाम क्या है?"

बाईनं जरा नवलानं पाहिलं. "चंद्रप्रभा. पहिले दिन आप ही तो पूछे रहीं, मैडमजी. बोलीं, बहुत सुंदर नाम है."

लतिकाचे कान तापले. तिनं बाईच्या मुठीकडे पाहिलं.

"ये क्या है?"

चंद्रप्रभानं मूठ उघडली. मोहनचं हजेरीचं कार्ड होतं, चौकोनी घडी घातलेलं. एक कडा वाळल्या रक्तानं तपकिरी झाली होती. शेवटच्या ओळीत अपघाताच्या दिवसाची तारीख होती आणि हजेरीच्या मशीननं उठवलेली कामावर आल्याची वेळ होती, सकाळची सहा पंचावन्न.

"इनकी जेब में रहा. आज मिला. हम साहब के सामने फैलाए रहे, बार बार कहे कि देख लीजिए. साहब आँख मूँदे बैठे रहे."

"आँख मूँदे?"

"हाँ. जैसे पूजा में बैठत हैं."

लतिका उठली. "आइए," ती म्हणाली. "मेरे साथ."

दोघी केबिनमध्ये आल्या. सबनीस पाठ ताठ करून, दोन्ही तळवे मांडीवर ठेवून बसले होते. चेहरा शांत, ओठांवर मनुकेचा चिकट ओलावा. चंद्रप्रभा दाराशीच थबकली. लतिकानं तिला हात धरून टेबलापर्यंत आणलं, मनुकांची डबी बाजूला सारली. चंद्रप्रभानं कार्ड उलगडून सबनीसांच्या नाकासमोर ठेवलं आणि ते पुन्हा मिटू नये म्हणून दोन बोटांनी दाबून धरलं.

घंटी पर्समध्येच राहिली. सहा आठवडे दर सेशनच्या शेवटी लतिका एकाच सुरात म्हणत आली होती, हळूच, आपल्या सवडीनं, डोळे उघडा.

"उघडा," ती म्हणाली.