बसलेला बचावपटू

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. सुप्यात तर माझ्यावर विश्वास ठेवायचं लोकांनी कधीच सोडून दिलंय, त्यामुळं त्यांची काळजी नाही. पण आमच्या कुंडलिकच्या गुडघ्याची ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात इंदापुरात रामहरीच्या ओसरीवर, भरल्या घरासमोर मी ती सांगितली. खोटी असती तर एवढ्या माणसांत सांगितली असती का?

कुंडलिक म्हणजे माझ्या चुलतभावाचा, भिमाचा थोरला. घरात पूर्वी मेंढरं होती. आता थोडी ज्वारी, थोडा हरभरा आणि एक फुटबॉलवाला. मुंबईच्या एका क्लबात तो बॅक होता. म्हणजे काय, तर आपल्या गोलाच्या अलीकडं उभं राहायचं आणि समोरून येणाऱ्याला अडवायचं, आणि त्याचा पगार घ्यायचा. गावाला हे पटायला फार दिवस लागले. समोरच्याला बांधावर अडवणारा माणूस आमच्याकडं घरटी एक आहे, पण फुकट.

तर त्या उन्हाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात बारामतीत ह्या क्लबाचा एक सामना झाला आणि त्यात कुंडलिकचा उजवा गुडघा गेला. मुंबईत ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, दिवाळीनंतर पळशील. पण दिवाळीपर्यंत तो लंगडणार होता, आणि भिमाला पोराचं लग्न उरकायचं होतं. दोन ठिकाणी पोरगी बघून आले. दोन्हीकडं पोहे झाले, बोलणी झाली, निघताना पोरगं उठलं, दोन पावलं चाललं आणि सोयरीक तिथंच मोडली.

"तात्या," भिमा मला म्हणाला, "आता ही तिसरी. ही मोडली तर लग्नाचं नाव काढायचं न्हाय म्हणतोय."

ही तिसरी मीच जमवत आणली होती. म्हणजे झालं असं, की सुप्याच्या बाजारात एक म्हातारी मला शोधत आली. इंदापूरची प्रयागबाई. म्हणाली, "तुमच्यात फुटबॉल खेळणारं पोरगं हाय ना? माझी नात हाय." मध्यस्थ म्हणून माझं नाव इंदापूरपर्यंत पोचलं होतं, त्याला मी काय करणार?

मी भिमाला सांगितलं, "मी पोराला घिऊन जातो. तू येऊ नगं." भिमाला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा जुना आजार आहे. आणि कुंडलिकला सांगितलं, "उठायचं न्हाय आन् बोलायचं न्हाय. बाकीचं माझ्याकडं."

सकाळची एसटी धरून बारामतीला गेलो, तिथनं दुसरी. ठरल्या वेळेच्या बरंच आधी पोचलो, ते मुद्दाम. घरची माणसं आवरत होती. ओसरीवर बाज होती. कुंडलिकला तिच्यावर बसवलं, गुडघ्यावर उपरणं टाकलं आणि म्हणालो, "आता निघंपर्यंत तू आन् ही बाज एक."

"आन् निघताना?" त्यानं विचारलं.

"तवाचं तवा बघू."

रामहरी बाहेर आला. पोरीचा बाप, अंगानं रुंद, बोलायला मोकळा. पाठोपाठ प्रयागबाई. ही त्याची आई. तरुणपणी मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत गेलेली बाई, नजर अजून तशीच. कुंडलिक पाया पडायला उठू लागला, तसा मी त्याचा खांदा दाबला.

"ऱ्हाऊ द्या, आजी. त्याला वाकायची परवानगी न्हाय. क्लबाचा नियम हाय, उन्हाळ्यात."

"असं व्हय," म्हातारी म्हणाली आणि स्वतःच पुढं येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवून गेली.

मग दिपाली पोहे घेऊन आली. पोरगी सावळी, ताठ मानेची. बारामतीला हॉस्टेलात राहून बी. ए. करत होती. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भाकरी येते का विचारलं. तिनं सरळ उत्तरं दिली आणि आत न जाता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

पोहे संपले तसा रामहरी म्हणाला, "चला पाव्हणं, डाळिंब दाखवतो. औंदा बहर बघण्यासारखा हाय."

कुंडलिकनं माझ्याकडं बघितलं. मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "डाळिंब कुठं जातंय, रामहरीराव? आधी आमचा पोरगा खेळायला शिकला कसा, ते तर ऐका."

आणि सुरुवात केली.

कुंडलिक लहानपणी मेंढरं राखायचा ते आता सुप्याचं अभयारण्य आहे त्या बाजूला. तिथं लांडगे. एक दिवस एक लांडगा कोकरासाठी आला. पोराकडं ना काठी, ना कुत्रं. पोरगं नुसतं मधी उभं राहिलं. लांडगा डावीकडं गेला, हा डावीकडं. लांडगा उजवीकडं, हा उजवीकडं. पोरगं लांडग्याच्या तोंडाकडं बघतच नव्हतं, कमरेकडं बघत होतं. तोंड फसवतं, कंबर फसवत नाही. असं होता होता ऊन कलायला लागलं. शेवटी लांडगा कंटाळला आणि खाली बसला.

"बसला?" प्रयागबाई म्हणाली.

"बसला. मांडी न्हाय घातली, पण बसला."

"मी एवढी लांडगी बघितली, बसल्यालं न्हाय बघितलं."

"तुमची इंदापूरकडची नसतील बसत, आजी. आमच्याकडं बसत्यात."

दुसऱ्या दिवशी तोच लांडगा परत आला. मग रोज यायला लागला. कोकराचा नाद त्यानं सोडला होता, आता त्याला नुसता ह्या पोराला चुकवून जायचा हट्ट होता. पावसाळ्यापर्यंत हे चाललं. मग लाजेनं तो तालुका सोडून गेला, करमाळ्याकडं. पण त्याआधीच एकदा मुंबईच्या एका माणसाची जीप रस्त्यात बंद पडली होती, त्यानं हे बघितलं आणि पोराला उचलून क्लबात नेलं.

कुंडलिक माझ्या कानाशी आला. "तात्या, ते आपलं कुत्रं हुतं. आन् मला शाळेच्या मास्तरांनी न्हेलं."

"गप. कमरंकडं बघ," मी म्हणालो.

रामहरी खूश दिसला. "भले! चला, आता विहीर तरी बघू. नवी मोटर टाकलीय."

"मोटर बघायची ती चालू असताना. आता लाइट न्हाय," मी म्हणालो. आत रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. मी आवाज चढवला आणि घोट्यावर आलो.

मुंबईत दुसऱ्याच वर्षी कुंडलिकचा डावा घोटा मोडला. डॉक्टरनं प्लॅस्टर घातलं. साखरबाई, त्याची आई, मुंबईला गेली, तिनं ते पांढरं गाठोडं बघितलं आणि पोराला उचलून सुप्याला आणलं. आता साखरबाईनं उभ्या जन्मात मेंढरांचे पाय बसवलेत. तिचा हात बसलेला मेंढराच्या पायावर, माणसाचा पाय हा पहिलाच. तिनं प्लॅस्टर फोडलं, बांबूच्या कांब्या लावल्या, लोकरीच्या दोऱ्यानं आवळलं आणि रिवाजाप्रमाणं पोराला लंगड्या मेंढ्यांत बांधलं. चाराही त्यांच्याबरोबर.

"चारा?" रामहरी म्हणाला.

"म्हंजी भाकरी, पण त्याच येळंला."

कांब्या सोडल्या तेव्हा चूक ध्यानात आली. पाय मेंढराच्या वळणानं बसला होता. पुढं चालायला बरा, पण मागं पळायला काय सांगू! कुंडलिक तोंड पुढं ठेवून मागं असा पळायचा की पुढून येणारा फॉरवर्ड दमून जायचा. बॅकला ह्याहून मोठं वरदान नाही. माणूस समोर दिसतोय, बॉल समोर दिसतोय, आणि आपण मागं पळतोय. क्लबाच्या कोचनं साखरबाईला साडी पाठवली आणि आणखी दोन पोरं पाठवू का म्हणून विचारलं. फक्त एक तोटा झाला. सुप्याच्या स्टँडवर पोरगं एसटीतनं उलट्या पावलांनी उतरलं की लोकांना वाटायचं निघालंय. दोनदा लोकांनी त्याला हात हलवून निरोप दिला आणि तो घरी पोचलाच नव्हता.

दारात दिपालीनं पदर तोंडाशी नेला. हसली की खोकली ते कळलं नाही.

मी थांबलो नाही. नाकावर आलो. पुण्याच्या एका सामन्यात बॉल नाकावर बसला, नाक डावीकडं वळलं. वळलेलं बघा, अजून दिसतंय. हे एक खरं होतं, म्हणून मी बोट लावून दाखवलं. तर त्या दिवसापासून डाव्या बाजूनं येणाऱ्याचा वास त्याला आधी यायचा. गोव्याचा एक फॉरवर्ड डोक्याला खोबरेल लावायचा. तो मध्यरेषेवर असतानाच कुंडलिकला कळायचं. पुढं त्या फॉरवर्डनं तेल सोडलं, तेव्हा कुठं त्याला गोल सापडला.

रामहरी मांडी थोपटून हसत होता. पण प्रयागबाई हसत नव्हती. तिनं पानाचा डबा बाजूला सारला.

"एक इचारू, तात्या? तुमी पोरीला चालायला का न्हाय सांगितलं?"

आमच्यात रिवाजच आहे. पोरगी बघायला गेलं की मध्यस्थानं म्हणायचं, "बाई, दोन पावलं चालून दाखव." पायात काही खोट आहे का ते बघायला. आणि मी आजवर जिथं जिथं गेलो तिथं हे म्हणत आलोय. आज बोललो नाही. कारण आपण पोरीला चालायला सांगितलं की त्यांनी पोराला सांगायला काय हरकत?

"नव्या जमान्याला अनुसरून सोडलं," मी म्हणालो.

"आमी न्हाय सोडलं," म्हातारी म्हणाली. "दिपे, चाल."

दिपाली ओसरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. खडखडीत.

"आता पोरगं."

कुंडलिकनं बाजेच्या काठाला हात घातला. मी त्याच्या पायावर पाय ठेवला.

"आजी, सरळ चालण्यात त्याचं काय ते दिसत न्हाय."

"मग उलटं चालून दाखवू दे. तुमीच म्हणला न्हवं, मागं पळतोय म्हणून."

"उलट्याला मैदान लागतं. हितं मागं भिंत हाय."

"अंगण हाय की."

कुंडलिकला आता राहवेना. लाजेनं म्हणा, मला वैतागून म्हणा. "आजी," तो म्हणाला, "खरं सांगू का—"

"खरं मीच सांगतो!" मी ओरडलो. "बारामतीचा सामना! तो ऐका आन् मग म्हणा चालून दाखव!"

आता माझ्याकडं तेवढंच उरलं होतं. म्हणून मी ते सगळं पणाला लावलं.

बारामतीत, मी सांगायला लागलो, मैदानाच्या चारी बाजूंना माणूस. समोर गोव्याचा क्लब. त्यांचा सेंटर फॉरवर्ड असा उंच, की कॉर्नरला त्याच्या डोक्यावर कावळा बसायचा. शेवटची मिनिटं. कुंडलिकचा उजवा गुडघा दुखावला, नारळाएवढा फुगला. दुसरा असता तर बाहेर गेला असता. ह्यानं बूट घट्ट केला. एक पाय जमिनीवर, एक अधांतरी. तो धिप्पाड गडी बॉल घेऊन आला. गोलकीपर पडलेला. गोल आणि बॉल ह्यांच्यामधी फक्त भिमाचा पोरगा. आणि त्यानं काय केलं? काही नाही. उभा राहिला. कमरेकडं बघत.

गडी डावीकडं झुकला, हा डावीकडं. उजवीकडं, हा उजवीकडं. एका पायावर. लोकांचा आवाज बंद. रेफरीनं घड्याळ बघितलं, परत बघितलं. ऊन कलायला लागलं. आणि शेवटी, रामहरीराव, तो गोव्याचा धिप्पाड गडी कंटाळला, त्यानं बॉलवर हात ठेवला आणि मैदानाच्या मधोमध खाली बसला!

"बसला?" रामहरी उभा राहिला होता.

"बसला! शिट्टी झाली! सामना वाचला! आन् बारामतीकरांनी आमच्या कुंडलिकला खांद्यावर घिऊन अख्ख्या गावातनं मिरवलं. मला सांगा, असल्या पोराला कुणी चालून दाखव म्हणतं का? त्याला लोक चालू देत न्हाईत!"

मी पाण्याचा तांब्या उचलला. रामहरी आईकडं बघत होता. मला वाटलं, जमलं.

"तात्या," दारातनं दिपाली म्हणाली, "खांद्यावर न्हाय. दारावर."

मी तांब्या खाली ठेवला.

"सगळं खोटं बोलताय तुमी. त्या सामन्याला मी हुते, आमचं सगळं हॉस्टेल हुतं. कुणी बसलं न्हवतं. गोल झाला. ह्यांचा गुडघा फिरला तवा झोळी मिळंना, म्हणून पाण्याच्या टाकीजवळच्या खोलीचं दार काढून त्यावर घातलं. हे दोनदा दारावरनं खाली उतरून लंगडत परत खेळायला गेले, दोनदा धरून आणलं. मग सुट्टीत घरी आले तवा मी आजीला म्हणलं, सुप्याचं ते पोरगं कुणाचं हाय ते बघ. म्हणून आजी बाजारात तुमाला हुडकत आली. लंगडत्यात ते घरात सगळ्यांना ठाऊक हाय. आजी नुसती बघत बसली हुती, तुमी खरं कवा बोलताय." ती ओसरीवर आली आणि बाजेकडं वळली. "उठा हो तुमी. सावकाश."