एका सीटच्या चार खोळी

एखादी वस्तू आपल्याच हातची आहे, हे तुम्ही कशावरून ओळखाल हो? कुणी अक्षराच्या वळणावरून ओळखेल, कुणी भाजी चिरण्याच्या तऱ्हेवरून. या गोष्टीतली बाई स्वतःचं काम टाक्यावरून ओळखायची. लहानपणी ती मावशीकडे शिवण शिकली ती समोर बसून, कारण मावशीच्या एका अंगाला मशीन होतं आणि दुसऱ्या अंगाला कापडांचा ढीग. आणि समोर बसून पाहिल्यामुळे मावशीचा हात जिकडे जायचा त्याच्या बरोबर उलट्या दिशेला हिचा जायला लागला. मावशीच्या लक्षात येईपर्यंत हाताला ते वळण पडून गेलं होतं. तेव्हापासून तिची हाताची टीप जगाच्या उलट कलायची. टीप पक्की असायची, वर्षानुवर्षं उसवायची नाही, पण कललेली उलटीच. गाद्यांच्या, सोफ्यांच्या, खुर्च्यांच्या खोळी शिवून तिने तीस वर्षं संसाराला हातभार लावला होता आणि गल्लीत सगळे तिला खोळवालीच म्हणायचे.

तिचा नवरा फिटर. पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. गेल्या वर्षी छातीचं दुखणं झालं, सतरा दिवस दवाखान्यात काढले आणि अठराव्या दिवशी तो घरी आला. डॉक्टर म्हणाले, आता काही काळजी नाही. पण घरी आलेला माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत जो बसला तो बसलाच. विचारलं तर हो, नाही तर नाही. जेवण वाढलं की जेवायचा, दिवा मालवला की झोपायचा. तिच्या मनात यायचं, माणूस आणला खरा, पण सगळा काही आला नाही. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे. खोळीचं कापड बेततानासुद्धा तिचे कान खुर्चीकडे असायचे, ती कुरकुरली की हिला बरं वाटायचं.

आणि मग एके दिवशी तो आपणहून उठला, चपला घातल्या आणि भंगारवाल्याच्या आवारातून एक जुनी पिकअप ओढून घेऊन आला.

गाडी म्हणजे नुसता सांगाडा. हौद्याचा पत्रा गंजून चाळण झालेला, बॉनेट एका बाजूला वाकलेलं, एका दिव्याच्या जागी नुसती खोबण. आधी कुणाची होती ते भंगारवाल्यालाही सांगता आलं नाही. एवढंच म्हणाला की बरीच वर्षं कोपऱ्यात पडून होती, न्यायला कुणी आलं नाही. तिची धाकटी बहीण जवळच राहायची, ती बघायला आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भाऊजी, ही गाडी आहे की घुशीचं घर?"

"घुशीनेच दिली," तो बॉनेटखालून म्हणाला. "तिला लहान पडत होती."

खोळवाली दारात उभी होती. वर्षभरानंतर तो पहिल्यांदा थट्टेत बोलला होता. ती घाईघाईने आत वळली आणि कारण नसताना पातेली जागच्या जागी हलवत बसली.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने त्या घराला जणू पालवी फुटली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढली. सकाळी चहा झाला की तो अंगात जुना शर्ट घालायचा आणि गाडीखाली सरकायचा. तिला फक्त दोन पाय दिसायचे आणि त्या पायांशी ती गप्पा मारायची. ती पसरट भांड्यात रॉकेल घेऊन नट-बोल्ट धुवायची, फडक्याने पुसायची आणि ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवायची. कार्ब्युरेटर उघडला, साफ झाला. क्लचची प्लेट बदलली. ब्रेकचे पाइप नवे घातले. तळाचा कुजका पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंग करून आणला, तेव्हा तो बसवताना दोघांनी इतका गोंधळ घातला की शेजारच्या भिंतीवरून कुणीतरी डोकावून गेलं.

"अगं, धर ना नीट!"

"धरलंय की. तुम्हीच हलवताय."

"मी कशाला हलवीन? मी खाली झोपलोय."

"झोपलात ना? मग घोरू नका, पाना फिरवा."

त्याचा चेहरा भरला. हाताच्या रेघांत ग्रीस बसलं आणि जेवताना तो दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागला. देवाने गाडीच्या रूपाने माणूस परत दिला, असं ती मनाशी म्हणायची, आणि गाडी लवकर पुरी होऊ नये असंही तिला वाटायचं. पुरी झाली आणि तो परत खुर्चीत जाऊन बसला तर?

सीटचं काम अर्थातच तिच्याकडे होतं. केबिनमध्ये बाकासारखी एकच सलग सीट होती, चालवणाऱ्याची आणि शेजारच्याची मिळून. तिने ती बाहेर काढून अंगणात दोन खुर्च्यांवर आडवी टाकली. वरचं राखाडी रेक्झिन शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला पार तडकलेलं होतं, वजनाने खोलगट झालेलं. चालवणाऱ्याची बाजू मात्र गुळगुळीत, चकचकीत, दुकानातून आजच आणल्यासारखी.

"हे बघा नवल," ती म्हणाली. "चालवणारा बसतच नव्हता की काय?"

"उभ्याने चालवत असेल," तो म्हणाला आणि ब्रेकच्या पत्र्याला पॉलिश पेपर घासत राहिला.

ती हसली आणि तिने कडेची शिवण उसवायला घेतली. दोन वीत उसवल्यावर तिचा हात थांबला.

टाके उलटे कललेले होते.

जगात उलट्या हाताच्या पुष्कळ बायका असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. कोपऱ्यापर्यंत ती उसवत गेली. कोपऱ्याला कापड अंगठाभर जास्त ठेवून आत दुमडलेलं होतं, आणि दोरा संपवताना तीन गाठी मारल्या होत्या. मावशी दोनच मारायची. तिसरी गाठ लहानपणी हिने स्वतःच भीतीपोटी घालायला सुरुवात केली होती, दोरा सुटला तर मावशी ओरडेल म्हणून.

राखाडी खोळ निघाली, तर खाली फोम नव्हता. खाली आणखी एक खोळ होती, तपकिरी. तिच्याखाली तिसरी, गडद हिरवी. तिच्याखाली चौथी, तिचा रंग काय होता ते आता सांगता आलं नसतं. प्रत्येकीचे टाके उलटे, प्रत्येक कोपरा अंगठाभर दुमडलेला, प्रत्येक दोऱ्याला तीन गाठी. चौथी निघाली तेव्हा कुठे काथ्या आणि गंजलेल्या स्प्रिंगा दिसल्या.

तिने चारही खोळी फडक्याने पुसल्या आणि निघाल्या त्याच क्रमाने दोरीवर वाळत घातल्या, जशी ती नट-बोल्ट मांडायची तशी. मग ती मागे सरकून बघत उभी राहिली.

सगळ्यांत आतली खोळ दोन्ही बाजूंनी सारखीच झिजलेली होती, दोन माणसं वर्षानुवर्षं शेजारी शेजारी बसल्यासारखी. हिरवी शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला झिजली होती, चालवणाऱ्याच्या बाजूला थोडी कमी. तपकिरीवर त्या बाजूला नुसती एक पुसट चमक आली होती, कुणी जेमतेम टेकावं तशी. आणि वरच्या राखाडीवर काहीच नव्हतं.

शेडमधून पाना खाली पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. त्या आवाजाने तिला इतकं बरं वाटलं की क्षणभर दोरीचा विसर पडला.

तेवढ्यात धाकटी आली. दोरीकडे बघून म्हणाली, "बरीच कामं घेतली आहेस ताई! किती गाड्या?"

"एकच."

"एकाच गाडीच्या चार?" धाकटीने हिरव्या खोळीची कड हातात घेतली, उलटून पाहिली आणि हसायला लागली. "तुझी ही उलटी टीप मला झोपेतसुद्धा ओळखू येईल बाई. कधी शिवलीस ही? चांगलीच जुनी दिसते."

"असेल," खोळवाली म्हणाली. "आठवत नाही."

"तू आणि विसरणार? लोकांच्या गाद्यांची मापं तुला पाठ असतात." धाकटी शेडकडे वळली. "भाऊजी, बायकोला चहा तरी विचारत जा! काम करून करून वेडी होईल ती."

"तूच कर गं," आतून उत्तर आलं. "माझ्यासाठी साखर जास्त टाक."

तो होता. बोलत होता, साखर जास्त मागत होता, धाकटीशी भांडत होता. मग दोरीवरचं ते काय होतं? खोळवालीने एकेक खोळ उतरवली, घडी घातली आणि चारही घड्या कपाटाच्या तळाशी, जुन्या चादरींच्या खाली ठेवून दिल्या. सांगावं त्याला? पण सांगितलं आणि त्याने पाना खाली ठेवला तर? एकदा हात धुऊन तो त्या खुर्चीत बसला की त्याला पुन्हा उठवायला दुसरी गाडी कुठून आणायची होती?

तरी रात्रीच्या जेवणाला तिच्याने राहवलं नाही. "अहो," ती म्हणाली, "ही गाडी आपण आधी कधी पाहिली होती का हो?"

त्याने घास तोंडापर्यंत नेला होता, तो तसाच धरून ठेवला. मग खाल्ला, पाणी प्यायला.

"काम चांगलं चाललंय ना?" तो म्हणाला.

"चाललंय की."

"मग झालं तर. कशाला उगाच उकरत बसायचं."

त्याने तिच्याकडे पाहिलं ते अगदी प्रेमाने पाहिलं. तिने पुन्हा विषय काढला नाही.

पाचव्या खोळीसाठी तिने घरातलं सगळ्यांत चांगलं कापड काढलं, जाड विणीचं, पांढुरकं, एका गिऱ्हाइकाचं उरलेलं आणि कित्येक वर्षं जपून ठेवलेलं. चालवणाऱ्याच्या बाजूला फोमचा एक थर जास्त घातला. निळ्या खडूने तिरप्या रेघा आखून तिने सगळ्या सीटवर चौकटी पाडल्या आणि त्या रेघांवरून दाभणाने जाड दोऱ्याची टीप घातली. हात नेहमीसारखा उलटाच जात होता. मध्येच एकदा तिने मुद्दाम सरळ टाका घालून पाहिला. तो इतका वेडावाकडा आला की उसवून टाकावा लागला.

खडू मात्र तिने झटकला नाही. कधीच झटकत नसे. जो पहिल्यांदा बसेल त्याने तो आपल्या कपड्यांवर घेऊन जायचा, अशी तिची पद्धत होती, आणि त्यावरून गिऱ्हाइकांशी तिचे लुटुपुटीचे वादही व्हायचे.

"माझ्या पँटीचा नकाशा होणार," तो म्हणाला.

"होऊ दे. हरवलात तर घरी यायला उपयोगी पडेल."

सीट जागेवर बसली. चाकं जमिनीला टेकली. संध्याकाळी त्याने किल्ली फिरवली, गाडी दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा अशी गुरगुरली की शेडचा पत्रा थरथरला. धाकटी फाटकात उभी राहून टाळ्या वाजवत होती.

ते दोघं गावाबाहेरच्या रस्त्याने तलावापर्यंत गेले. पत्र्यावर खडखडाट होता, खिडकीची काच अर्ध्यातच अडकत होती, पण इंजिनाचा सूर असा लागला होता की मध्ये मध्ये तो बोलणं थांबवून नुसता ऐकत राहायचा. गिअर बदलताना त्याचा हात तिच्या गुडघ्याला लागायचा. तलावाशी गाडी लावून ते बाटलीतलं पाणी प्यायले आणि त्यांनी हौद्यात काय काय आणता येईल याचे बेत केले: धाकटीचं जुनं कपाट, बागेसाठी माती, पुढच्या वर्षी कदाचित दोन गाद्या टाकून कुठेतरी लांबचा प्रवास. येताना तिने त्याला गुणगुणताना ऐकलं. लग्न झालं तेव्हा तो असा गुणगुणायचा. इतकं सुख आपल्या वाट्याला पुन्हा येईल असं तिला वाटलं नव्हतं, आणि ती पाठ टेकून, डोळे मिटून, त्याच्या शेजारी घरापर्यंत तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती राहिलेली पाण्याची बाटली आणायला शेडमध्ये गेली आणि तिने केबिनचं दार उघडलं. तिच्या बाजूच्या निळ्या रेघा सगळ्या पुसून गेल्या होत्या. त्याच्या बाजूच्या एकूण एक तशाच होत्या, आखल्या तेव्हा होत्या तशा ठळक. तिने फडकं घेतलं, हलक्या हाताने त्या सगळ्या पुसून काढल्या, दार लावलं आणि त्याला चहाला हाक मारली; घरातून तो "आलो, आलो" म्हणाला.