त्यांच्या वाटचं बोलणं

लुबना मॅडमचा मला लई राग येतो. बाई चांगली हाय म्हणतात सगळे. म्हणू द्या.

आमच्या ह्यांचं नाव मन्मथ. औशात दुकान हाय, शेतातल्या पाण्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं. लहानपणापासून शुगर, रोज इन्शुलिन. आन् स्वभाव असा, की गिऱ्हाइकानं विचारलं, "मोटार कवा देता?" तर हे तारेकडं बघत बसणार आन् मीच सांगणार, "उद्या सांजच्याला." पंधरा वर्षं झाली, त्यांच्या वाटचं मीच बोलते. गिऱ्हाईक आता थेट मलाच विचारतं.

मागच्या साली शुगरच्या डॉक्टरनं लातूरला समुपदेशनाला धाडलं. लुबना मॅडम म्हणाल्या, ह्यांना ऑटिझम हाय, जन्मापासूनचा. अंगात काय दुखतंय, काय बिघडलंय, ते ह्यांना चटकन सांगता येत न्हाई. ते आपण शिकवू.

तवापासून दर बुधवारी हे आत, मी बाहेर बाकड्यावर. एक तास! आतून ह्यांचा आवाज येतो. या बुधवारी तर चक्क हसले. माझा नुसता जळफळाट झाला. भाकरी मोजून वाढायची मी, सुई टोचायची मी, आन् हसू त्या बाईला?

सरळ दार ढकलून आत गेले.

"मॅडम, तुम्ही असं काय करता हो ह्यांना? माझ्याशी तर चार शब्द बोलत न्हाईत."

मॅडमनी आधी ह्यांच्याकडं बघितलं. "सांगू का यांना?" ह्यांनी मान हलवली.

"काही करत नाही, शिल्पाताई. विचारते आणि थांबते. कधी कधी पाच-पाच मिनिटं."

"एवढंच?"

"एवढंच. करून बघा."

लई शहाणी!

परतीच्या एसटीत बसल्यावर विचारलं, "आज काय होतंय तुम्हाला?" आन् तोंड मिटलं. अगं आई गं, काय सांगू! जीभ नुसती वळवळत होती. हे खिडकीबाहेर बघत बसले. मिनिट गेलं, दोन गेली. तिच्यापाशी बोलतात, माझ्यापाशी न्हाई, म्हणून मला रडूच यायला लागलं.

वाटेतलं बुधोडा गाव जवळ आलं तवा हे म्हणाले, "डावा पाय कळंना झालाय. चप्पल ओली होतीय."

"मॅडमला सांगितलं?" माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं.

"न्हाई."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मला आधी सांगितलं! तिला न्हाई, मला!

मग वाकून चप्पल काढली. टाचेला रुपयाएवढी जखम, कडा पांढऱ्या पडलेल्या, वास येत होता. शुगरच्या पायाचं पुढं काय होतं ते मला ठाऊक हाय. सासऱ्यांचा पाय गुडघ्यापासून काढलाय. मी आरडाओरडा करून गाडी थांबवली, ह्यांना धरून खाली उतरवलं. लातूरला परत न्यायला रिक्षाला हात करत रस्त्याकडंला उभी राहिले.

"कवापासून हाय हे?"

ह्या बारीला मी खरंच थांबले. डोळ्यांतलं पाणी पुसत थांबले.

"आठ दिस झाले," हे म्हणाले. "सोमवारी तुला सांगाय लागलो होतो. तू म्हणलीस, भूक लागली असंल. ताट वाढलंस. मी जेवलो."