यादीत नसलेला खेळ

मी एक जुना खेळ आहे, पण तुम्ही मला कधी खेळला नसाल. टीव्हीला जोडायच्या एका व्हिडिओ गेममध्ये मी राहतो. त्याच्या यादीत अकरा खेळ दिसतात. मी बारावा, लपवलेला. यंत्र चालू करताना तिन्ही बटणं एकदम दाबून धरली, तरच मी उघडतो. माझ्यात ना मोटारी, ना राक्षस. काळ्या पडद्यावर एक हिरवा चौकोन, बस्स. बटण दाबलं की तो सरकतो, सोडलं की थांबतो. यंत्र धड आहे की नाही, एवढं सांगणं हेच माझं काम.

१९९६ साली नगरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात यशोधरानं मला लिहिलं. ती तिसगावची, डिप्लोमा झालेली. बाकीचे अकरा खेळही तिचेच. प्रत्येक यंत्र खोक्यात जाण्याआधी ती मला उघडून बघायची. चौकोन चुकला की यंत्र बाजूला. तेव्हा मला स्वतःचा केवढा अभिमान वाटायचा!

मग मालक रंगनाथशेठनं हलक्या रबराची बटणं आणली. ती बोट न लावताही आत दबलेलीच राहायची. दहातली चार यंत्रं माझ्यापुढं नापास होऊ लागली. यशोधरानं ती दाखवली, तर शेठ खेकसला, "दिवाळी तोंडावर आलीय. तपासणी बंद कर. माल जाऊ दे."

दिवाळीनंतर कोपरगावचे दुकानदार सहादेव यांच्याकडे यंत्रं परत येऊ लागली. शेठनं खुशाल सांगितलं, "प्रोग्राम चुकलाय. पोरीनं घोळ घातला." तो तिला जीपमधून कोपरगावला घेऊन गेला आणि दुकानात चारचौघांसमोर म्हणाला, "माग माफी. तुम्हा लोकांना उपकार म्हणून कामावर घ्यावं, तर हे असं!"

मित्रांनो, परत आलेल्या यंत्रात बसून मी हे ऐकत होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

यशोधरानं माफी मागितली नाही. त्यातलंच एक यंत्र तिनं दुकानातल्या टीव्हीला जोडलं, मला उघडलं आणि दोन्ही हात मागं घेतले.

हिरवा चौकोन सुसाट डावीकडं पळाला.

"आवो शेठ," सहादेव ओरडले, "बटनाला कुनी बोट बी लावलं न्हाई, मंग हे पळतंय कसं?"

यशोधरानं यंत्राचे स्क्रू काढले, पिशवीतलं आधीचं चांगलं रबर आत बसवलं. चौकोन जागच्या जागी थांबला.

"प्रोग्राम तोच आहे," ती म्हणाली. "बदललं ते फक्त रबर. मी आधीच सांगितलं होतं, शेठ. आता माफी कुणी मागायची?"

सहादेवांनी सगळी यंत्रं टेम्पोत भरून परत पाठवली. दुसऱ्याच दिवशी यशोधराची नोकरी गेली, आणि नव्या मालातून मला पुसून टाकलं.

पण सहादेवांनी तीन बटणांची खूण पाथर्डीपासून संगमनेरपर्यंतच्या दुकानदारांना सांगितली होती. "त्यो हिरवा चौकुन असंल तरच माल उतरवा," असं जो तो म्हणू लागला. शेवटी नाक मुठीत धरून शेठला मला परत घ्यावं लागलं.

यशोधरानं माझ्यात स्वतःचं नाव कुठंच लिहिलं नव्हतं. शेठनं मात्र पहिल्याच पडद्यावर लिहून घेतलं, 'निर्माता : रंगनाथ'. आजही ते नाव कपाळावर घेऊन मला उघडावं लागतं.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. एखादं जुनं यंत्र हाती लागलं आणि मी उघडलो, तर त्या नावावर विश्वास ठेवू नका. शेजारी जो कुणी असेल त्याला मोठ्यानं सांगा, हा खेळ यशोधरानं लिहिला.