माणशी आठशे

अमेरिकेतल्या सेलला जाताना गाडीत माणसं जास्त घ्यावीत आणि सामान कमी. हे मी कॅनडातल्या आमच्या थंडर बेमधल्या निम्म्या बायकांना शिकवलंय. सीमेपलीकडे पूर्ण अठ्ठेचाळीस तास काढले की परत येताना माणशी आठशे डॉलरच्या मालावर कर लागत नाही. माणशी म्हणजे माणशी. तान्हं बाळ असो की चौऱ्याऐंशी वर्षांची सासू, कस्टमच्या लेखी दोघंही अख्खी माणसं. ज्याचा माल त्याच्याच नावावर हवा असाही एक नियम आहे, पण तो मी फारसा कुणाला शिकवत नाही.

बाकी माझे नियम साधे. बिलं पाकिटात, पाकीट हातात. अधिकारी विचारेल तेवढंच बोलायचं. जुने बूट मोटेलच्या कचऱ्यात टाकून नवे पायात घालून येणाऱ्या बायकांसारखा आचरटपणा करायचा नाही. आणि घड्याळ सांभाळायचं. अठ्ठेचाळीस तासांना पाच मिनिटं जरी कमी पडली तरी आठशेची सूट दोनशेवर येते.

तर गेली तीन वर्षं नोव्हेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी आम्ही तिघी निघतो: मी, माझी धाकटी जाऊ कर्स्टी आणि आमच्या सासूबाई, आउने. गुरुवारी अमेरिकन लोक टर्की खातात आणि शुक्रवारी दुकानं उघडतात. आमचा हा थँक्सगिव्हिंगचा सण ऑक्टोबरातच उरकलेला असतो, त्यामुळे आम्हाला त्यांच्या टर्कीशी काही घेणंदेणं नाही.

सासूबाईंना सेलशीही घेणंदेणं नव्हतं. त्या यायच्या त्या हिल्कासाठी. हिल्का त्यांची धाकटी बहीण, डुलुथच्या एका वृद्धाश्रमात असते. डुलुथ म्हणजे सीमेपलीकडे, आमच्यापासून गाडीनं साडेतीन तास. दोघी दर रविवारी फोनवर फिनिशमध्ये बोलत. पण गेल्या वर्षापासून हिल्काचं डोकं मधूनच कुठेतरी निघून जायला लागलं. ऑक्टोबरात तिथल्या नर्सनं सासूबाईंना स्पष्ट सांगितलं, "भेटायचं असेल तर लवकर या. चांगले दिवस कमी होत चाललेत."

पहिल्या वर्षी तिथे फ्लूची साथ होती, भेटीच बंद होत्या. दुसऱ्या वर्षी राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, आम्ही दुकानात होतो. म्हणून या वर्षी मी सासूबाईंना शब्द दिला होता, "शनिवारी सकाळी नऊला, आई. आधी हिल्का, मग परतीचा रस्ता." त्यांनी बुधवारीच हिल्कासाठी पुल्ला भाजला, वेलदोडा घातलेला, तीन पदरी वेणीचा गोड पाव. स्वच्छ फडक्यात बांधून तो साडेतीन तास मांडीवर धरून आणला. मागच्या सीटवर ठेवू दिला नाही.

सीमेवरचा पिजन नदीचा पूल ओलांडल्याओलांडल्या मी मोबाइल पाहिला आणि बिलांच्या पाकिटावर वेळ लिहिली: एक. म्हणजे शनिवारी एकच्या आधी परत फिरायचं नाही.

शुक्रवारचं काय सांगू? पहाटे चारला रांगेत उभं राहायचं, नाकाचा शेंडा बधिर होईपर्यंत. दार उघडलं की सभ्य घरातल्या बायका एकमेकींना कोपरं मारतात आणि वर "सॉरी" म्हणतात; त्यावरून त्या कॅनडातल्या हे कळतं. मी कोपरं मारते, सॉरी म्हणत नाही. दुपारपर्यंत बूट झाले, रजया झाल्या, कर्स्टीचा मिक्सर झाला आणि माझा टीव्ही झाला, आमच्या तळघरातल्या भिंतीएवढा. सासूबाई डुलुथमधल्या मोटेलच्या खोलीत होत्या. आम्ही आलो तेव्हा त्यांनी शनिवारचा ब्लाउज इस्त्री करून बाथरूमच्या दाराला टांगला होता.

रात्रीच्या जेवणाआधी मी बिलांची तीन पाकिटं केली. टीव्ही सासूबाईंच्या पाकिटात गेला.

"आई, विचारलं तर सांगायचं, टीव्ही माझा."

"अगं, मला मोतीबिंदूनं समोरचं माणूस धड दिसत नाही."

"म्हणूनच तर एवढा मोठा घेतला तुमच्यासाठी!" कर्स्टी म्हणाली, आणि आम्ही दोघी खूप हसलो.

सासूबाईही हसल्या, पण उगीच आपलं. मग म्हणाल्या, "नऊ वाजता येतो म्हणून कळवलंयस ना तिथे?"

"कळवलंय हो."

शनिवारी नाश्त्याला कर्स्टीनं मोबाइलवर हवामान वाचलं. दुपारनंतर सरोवराच्या काठानं, म्हणजे आमच्या परतीच्या रस्त्यावर, जोरदार बर्फ. मी खाली जाऊन गाडी सुरू केली, घड्याळ पाहिलं. सीमेवर एकला पोचायचं, रस्ता पावणेतीन तासांचा, म्हणजे सव्वादहाला निघालंच पाहिजे. घड्याळात दहा वाजत आले होते. मला वाटलं, सकाळ पाहता पाहता गेली. मी वर आले आणि सांगून टाकलं, "आई, आज नाही जमणार. बर्फात अडकलो तर रात्र रस्त्यावर काढावी लागेल. नाताळात मी खास घेऊन येते तुम्हाला."

सासूबाई ब्लाउजचं वरचं बटण लावत होत्या. ते लावून झालं.

"बरं," त्या म्हणाल्या. "हिल्काला कळवशील?"

"वाटेत कळवते."

सरोवराच्या काठानं अर्ध्या रस्त्यात फोनला रेंज नसते. हे मला तीस वर्षं माहीत आहे. रेंज आली तेव्हा मी विसरले होते.

गाडीत कर्स्टी पुढे, सासूबाई मागे, टीव्हीच्या खोक्याला टेकून. वाटभर ऊन होतं. एकच्या ठोक्याला मी पुलाच्या अलीकडे पोचले आणि म्हटलं, "बघ, याला म्हणतात हिशोब."

कर्स्टीनं मोबाइल पाहिला. "बारा वाजलेत."

"एक वाजलाय. घड्याळ बघ."

"ते गाडीचं. गाडी घरच्या वेळेवर आहे. तू गुरुवारी वेळ कशात बघितलीस?"

मी पाकीट पाहिलं. माझंच अक्षर: एक. मोबाइलमधला. पूल ओलांडला की मोबाइल पलीकडच्या मिनेसोटाची वेळ दाखवतो, आमच्याहून एक तास मागे. गाडीचं घड्याळ मी कधी बदलत नाही, तोही माझाच नियम. तीस वर्षं या दोन वेळांच्या मधोमध राहणारी, अख्ख्या गावाला सेल शिकवणारी बाई मी, आणि एका घड्याळात निघाले, दुसऱ्यात पोचले. अठ्ठेचाळीस तासांना अजून एक तास कमी होता.

"अतिशहाणा त्याचा बैल रिकामा!" कर्स्टी खो खो हसायला लागली. मलाही हसू आलं. मी गाडी बाजूच्या मोकळ्या जागेत घेतली.

"काय झालं?" मागून सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. तासभर थांबावं लागेल इथे. तास भरायचेत."

"एक तास?"

"हो."

"मला तेवढाच हवा होता," त्या म्हणाल्या.

त्या रागावून बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी उलट बोलले असते, मला येतं ते. कर्स्टीचं हसू थांबलं. मी आरशात पाहिलं तर त्या मांडीवरचं फडकं सोडत होत्या. पुल्ल्याचे तीन तुकडे केले, मोठे दोन पुढे दिले.

"अहो, हा हिल्कासाठी ना?" कर्स्टी म्हणाली.

"खा. शिळा होईल. भुका लागल्या असतील."

आम्ही खाल्ला. वेलदोडा त्यांनी नेहमीसारखा सढळ हातानं घातला होता. परत कसा देणार, म्हणून मी सगळा खाल्ला. मग थर्मासमधून कॉफी ओतली, ती गार झाली होती. बाहेर आमच्यासारख्याच चार गाड्या तास भरत उभ्या होत्या. एकीत छपरापर्यंत डायपरचे गठ्ठे होते आणि मधोमध एक आजोबा तोंड उघडं टाकून झोपले होते. मी नजर वळवली.

बरोबर तासानं आम्ही कस्टमच्या खिडकीशी गेलो. अधिकारी तरुण होता, थंडीनं कान लाल झालेले. त्यानं पाकिटं पाहिली, मग वाकून मागे पाहिलं.

"आजी, टीव्ही तुमचा?"

सासूबाई दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. पत्त्यांत कुणी लबाडी केली तर डाव टाकून उठणाऱ्या.

"हो," त्या म्हणाल्या. "माझा."

"एवढा मोठा? काय बघणार?"

"दिसेल ते."

तो हसला. "अठ्ठेचाळीस तास! मजा केलीत ना? कुणाला भेटलात की नुसती दुकानंच?"

"नाही. कुणाला नाही भेटले."

"चला, जा. सावकाश चालवा."

एक पैसा कर लागला नाही. दर वर्षी या क्षणी मी टाळी देते कर्स्टीला. या वर्षी तिनंही हात पुढे केला नाही.

घरी पोचलो. नवऱ्यानं आणि दिरानं टीव्ही तळघरात उतरवला आणि भिंतीवर लावायच्या आधीच हॉकी लावली. शनिवार असल्यामुळे सौना, आमची वाफेनं अंघोळ करायची खोली, तापवलेला होता. आधी बायकांची पाळी. सासूबाईंची पाठ गेली सहा वर्षं मीच चोळते, त्यांचा हात मागे पोचत नाही. त्या खालच्या बाकावर बसल्या होत्या. पाठीचे मणके एकेक मोजता येतील एवढी ती पाठ लहान झाली होती, आणि मला ते आतापर्यंत दिसलंच नव्हतं. मी दगडांवर पाणी टाकलं. वाफ बसल्यावर म्हणाले, "आई, उद्या पहाटे जाऊ या का हिल्काकडे? आपण दोघीच."

त्यांनी तोंडावरचा घाम पुसला.

"उद्या सेल नाही ना," त्या म्हणाल्या. "मग मला कशाला नेतेस?"

खोचक बोलतील तर त्या आउने कसल्या! त्या खरंच विचारत होत्या. उद्या त्यांचा मला काही उपयोग नाही, हे त्यांनी मला आठवण म्हणून सांगितलं. मी वाफेत रडले. वाफेत ते एक बरं असतं.

"तुम्हाला न्यायचंय म्हणून," मी म्हणाले. त्यांनी पाठ माझ्याकडे केली आणि म्हणाल्या, "डावीकडे चोळ जरा."

पहाटे पाचला निघालो. पुलावर अमेरिकेच्या बाजूला अधिकाऱ्यानं विचारलं, "काल तर परत गेलात. आज परत कशाला?" मी तोंड उघडायच्या आत मागे बसायची सवय सोडून आज पुढच्या सीटवर बसलेल्या सासूबाई ओणव्या झाल्या आणि म्हणाल्या, "माझी बहीण आहे." त्यानं पुढे काही विचारलं नाही.

वृद्धाश्रमात पोचलो तेव्हा नऊ वाजायला आले होते. काउंटरवरच्या नर्सनं नाव ऐकलं आणि ती सासूबाईंकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली.

"काल येणार होतात तुम्ही."

"हो. ते..."

"काल फार छान होत्या त्या. सहा महिन्यांत इतकं स्वच्छ बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. सकाळी सातलाच निळा स्वेटर घालून मागितला. केस विंचरून घेतले. दाराशी खुर्ची ठेवायला लावली. जेवायला चला म्हटलं तर हलल्या नाहीत, 'आउने येईल आणि मी इथे नसेन' म्हणाल्या. दोनपर्यंत बसल्या होत्या." ती थांबली. "आज तेवढं बरं नाही. मनाची तयारी ठेवा."

काल दोनपर्यंत. तेव्हा आमची गाडी घरच्या रस्त्याला लागली होती.

सासूबाईंनी सगळं ऐकलं. मोतीबिंदू आहे, कान ठणठणीत आहेत. माझ्या दंडाला धरलं आणि "चल" म्हणाल्या.

हिल्का खिडकीपाशी होती. तोच निळा स्वेटर, बटणं वरखाली लागलेली. सासूबाई समोरच्या खुर्चीत बसल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले. हिल्कानं हात काढून घेतले नाहीत, पण पाहुण्याकडे बघावं तसं अदबीनं बघत राहिली.

"तुम्ही नवीन आलात का इथे?" तिनं फिनिशमध्ये विचारलं. माझं फिनिश मोडकंतोडकं आहे, पण एवढं कळतं.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "आजच आले."

"माझी बहीण यायचीय. मला वाटलं तीच आली."

"येईल हो. वाटेत अडकली असेल. सरोवराच्या काठाला बर्फ फार असतो."

"हो, बर्फच असेल," हिल्का म्हणाली. मग तिला काहीतरी आठवलं, चेहरा उजळला, आणि ती पुढे झुकून, विश्वासातलं सांगावं तसं म्हणाली, "पण येणार ती. तिची थोरली सून फार चांगली आहे. दर रविवारी फोनवर सांगते मला. शब्दाची पक्की आहे म्हणे. ती आणेल तिला."

मी दारातच उभी होते. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी हिल्काच्या स्वेटरचं चुकलेलं बटण सोडलं, नीट लावलं, आणि म्हणाल्या, "हो. आणते ती."