सात नंबरचा दोर

टक्क.

दुपारचे अडीच वाजले होते. पंखा बंद, नळ बंद, माझी पिटुकली पालथी पडून गाढ झोपलेली, आणि आतल्या खोलीतून तो आवाज आला. हा आवाज मला ओळखायला शिकवावा लागत नाही. कॅराबिनरचा आवाज, अंगठ्याने दाबली की उघडते आणि सोडली की आपोआप मिटते ती कडी. बाहेरच्या खोलीत माझ्याभोवती तसल्या चाळीस कड्या पसरलेल्या होत्या, पण त्या सगळ्या माझ्या डोळ्यांसमोर गप्प पडल्या होत्या. आतल्या खोलीत एकच होती, आणि तिला हात लावणारं घरात कुणी जागं नव्हतं.

आमच्या घरात बैठक अशी नाहीच. जिथे लोकांचा सोफा असतो तिथे आमचे दोर, हार्नेस आणि हेल्मेटं. पिटुकलीचे बाबा आणि त्यांचे धाकटे भाऊ मिळून कडे चढायला शिकवायचे. आता भावजी एकटे शिकवतात आणि सामान मी तपासते. हार्नेसची, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना आवळतात त्या पट्ट्यांची शिवण टाका न टाका नखाने उकरून बघायची. हेल्मेट खिडकीशी धरून तडा शोधायचा. दोर तर हातभर हातभर पुढे सरकवत चिमटीत दुमडत जायचा. आतला गाभा शाबूत असेल तर दोर बोटांशी भांडतो, पटकन वाकत नाही. जिथे मुकाट्याने वाकला तिथे मेला. वरची वीण अगदी नव्यासारखी दिसली तरी.

"आपलं काम काय, तर संशय घ्यायचा," पिटुकलीचे बाबा म्हणायचे. "माणसांवर नाही. वस्तूंवर. वस्तू रुसत नाहीत."

मी आत गेले. खिळ्यावर सात नंबरचा निळा दोर होता, टोकाला ती एकुलती कडी. कडी हलत होती. आणि दोराच्या मधोमध गाठ होती.

सोमवारपासून ही चौथी. दर दुपारी पिटुकली झोपली की टक्क, आणि गाठ. दर दुपारी मी ती सोडवत होते.

गाठही साधी नव्हती. दोराच्या मधेच मारतात ती, बाजूला एक फासा सुटतो आणि दोन्हीकडचा दोर सरळ राहतो. आमच्यात तिला फुलपाखरू म्हणतात. ती शिकायला मोठ्या माणसांना आठवडा लागतो. पिटुकली साडेचार वर्षांची. तिला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही, डावा बूट उजव्या पायात घालून वर "पाय चुकलाय" म्हणते.

तरी मी तिला विचारलं होतं. "दोराला तू हात लावलास?"

"मी नाही," ती म्हणाली. एवढंच. आणि चित्राच्या वहीत डोकं घातलं.

मग मीच मारत असेन. चार वर्षं झोप पुरी नाही, हात आपले आपण चालत असतील. असं मी स्वतःला समजावलं. पण गाठीचा फासा इतका बारीक होता की त्यात माझी करंगळी जेमतेम जायची. सगळे फासा ऐसपैस ठेवतात. करंगळीएवढा ठेवणारा एकच माणूस मला माहीत होता.

आता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दोन वर्षांपूर्वी ते कड्यावरून घसरले तेव्हा दोर तुटला नाही. दोराने त्यांना धरलं. पण खडकाचा कोपरा आधी लागला होता. खाली उतरवलं तेव्हा ते गेलेले होते, आणि तोपर्यंत, भावजी सांगतात, वीस मिनिटं दोराने त्यांना जरासुद्धा खाली जाऊ दिलं नाही.

मोठा हिसका खाल्लेला दोर पुन्हा वापरत नाहीत. नुसता टाकूनही देत नाहीत, कुणी उचलून नेला तर? त्याचे हात हातभर तुकडे करतात. आमच्याकडे हे करतो तो सामान तपासणारा. म्हणजे मी. भावजींनी तो दोर माझ्यापुढे ठेवला आणि "वहिनी, उरकून टाका" म्हणून बाहेर जाऊन उभे राहिले.

माझ्याने झालं नाही. ज्याने शेवटपर्यंत त्यांना सोडलं नाही त्याच्यावर मी सुरी कशी चालवू? तसाच निळा, तेवढ्याच लांबीचा, थोडा जुना असा सात नंबरचा दोर फळीवर होता. मी त्याचे तुकडे केले. नंबराची पट्टी काढून ह्याला चिकटवली. भावजींना तुकडे दाखवले. त्यांनी ते न बघताच पोत्यात भरले.

तेव्हापासून हा सात नंबर. वीस महिने माळ्यावर होता, चार महिन्यांपूर्वी मी खाली काढून खिळ्याला लावला. जगातल्या सगळ्यांचे दोर मी चिमटीत तपासले, हा मात्र एकदाही नाही. भीती वाटायची की कुठेतरी तो मुकाट्याने वाकेल.

त्या संध्याकाळी भावजी यादी घेऊन आले. पिटुकली त्यांच्या पाठीवर चढली.

"ए घोरपडी, उतर! आधी हेल्मेट घाल."

"तुम्ही घाला. तुमचं डोकं मोठंय."

"मोठं आहे, पण रिकामं आहे, तुझ्या आईला विचार." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, तीन पोरं वाढली. पाच दोरांत भागणार नाही. आत सातचा लटकतोय तो द्या की."

"तो वाळतोय."

"चार महिने? समुद्रातून काढलाय काय?"

"तो नको म्हटलं ना, भावजी."

ते हसले. "बरं बाई, तुमचा दोर तुम्हाला लखलाभ," म्हणाले. मला वाटलं, विषय मिटला.

सकाळी पिटुकलीला अंघोळ घालत होते तेव्हा दाराची किल्ली वाजली. भावजींकडे किल्ली असते, वर्गाच्या दिवशी ते सामान परस्पर उचलतात. तिच्या डोळ्यांत साबण गेलेला, ती किंचाळत होती. आवरून बाहेर आले तेव्हा गाडी गेली होती. आतल्या खोलीत खिळा रिकामा. खाली फळीवर चिठ्ठी.

"एक कमी पडतोच आहे, सातचा नेतो. रागावू नका. मधे गाठ होती ती सोडली."

मी शेवटची ओळ तीनदा वाचली. काल दुपारी मी ती गाठ सोडवली होती. म्हणजे रात्रीतून पुन्हा बसली होती.

कड्याखाली फोन लागत नाही. तरी मी लावत राहिले. मग शेजारणीची स्कूटर मागितली, ओल्या केसांच्या पिटुकलीला पुढे उभं केलं आणि निघाले. रस्ताभर डोक्यात एकच हिशोब: नऊला वर्ग, अर्धा तास सूचना, साडेनऊला पहिलं पोर दोराला लागणार. माझ्या एका खोटेपणाच्या टोकाला कुणाचं तरी लेकरू लटकणार.

पोचले तेव्हा दहा वाजायला आले होते. पोरं रांगेत बसलेली. पाच दोरांवर पाच जणं चढत होती. सहाव्या, निळ्या दोराखाली एक शाळकरी मुलगी हार्नेस घालून नुसती उभी, आणि भावजी कमरेवर हात ठेवून वर बघत होते.

"तिला सोडा!" मी लांबूनच ओरडले. "दोरातून सोडा तिला!"

"अहो वहिनी, सोडलीच आहे. चढतीय कुठे ती? तीन पावलं गेली आणि दोर वर, कड्याच्या माथ्यावरच्या कडीपाशी अडकला. खालून ओढला तर येत नाही. निम्मा तास झटतोय." मग माझा चेहरा बघून हळू झाले. "काय झालं? पिटुकली बरीय ना?"

"वरून आणा तो. खालून ओढू नका. मागच्या वाटेने जा आणि आणा."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, ते लगेच निघाले. वीस मिनिटांनी दोर खांद्यावर टाकून परत आले. येताना ते दोराकडे बघत नव्हते.

"वरच्या कडीत गाठ अडकली होती," ते म्हणाले. "वहिनी, मी सकाळी स्वतः सोडली होती. अख्खा दोर या हातांनी ओवला. गुळगुळीत होता."

त्यांनी गाठ माझ्यापुढे धरली. फुलपाखरू. फासा करंगळीएवढा. भावजींची करंगळी त्यात शिरत नव्हती.

"दादासारखी मारलीय," ते पुटपुटले. आणि मग, "हा सातचा नाहीये."

"नाही."

मी सगळं सांगितलं. मुलांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू. ते रागावतील, हात उगारतील, काहीही करतील असं वाटलं होतं. ते खडकावर टेकले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिले.

"ही गाठ कशासाठी असते, वहिनी?" त्यांनी विचारलं, वर्गात विचारतात तसं.

मला माहीत होतं. आपण सगळ्यांनाच शिकवतो ते. दोराचा एखादा भाग खराब निघाला आणि दुसरा दोर हाताशी नसला, तर तेवढाच भाग फाशात घेऊन गाठ मारायची. मग त्याच्यावर भार येत नाही. अडीनडीचा उपाय. चार दिवस मी तीच गाठ रोज सोडवत होते.

मी फासा चिमटीत धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा. बाहेरची वीण निळीशार, धागाही उसवलेला नाही. आणि आत काही नव्हतंच. माझी दोन बोटं दोराच्या आरपार एकमेकांना भेटली.

भावजींनी सुरी काढली, वीण चिरली. आतला पांढरा गाभा विंचरून ठेवल्यासारखा दोन्हीकडे मागे गेला होता. चार-सहा तंतू तेवढे एकमेकांना धरून होते.

"द्या इकडे," मी म्हटलं.

पोरं वर चढत होती, एकमेकांना ओरडून सांगत होती, आणि मी खडकावर बसून दोर कापला. हात हातभर. दर तुकड्याला वाटायचं, आता रडू येईल. ते आलं नाही. फक्त गाठीपाशी पोचले तेव्हा हात थांबला. मी ती सोडवली नाही. दोन्हीकडून कापली आणि अख्खी खिशात टाकली. भावजींनी बघितलं.

पिटुकली इतका वेळ शेजारी उकिडवी बसून तुकडे एका रांगेत लावत होती. शेवटचा लावून झाला. तिने ओले केस डोळ्यांवरून बाजूला केले, आणि बरेच दिवस मनात असलेलं काहीतरी आता विचारायला हरकत नाही अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"आई, आता उद्या दुपारी बाबा गाठ कुठे मारतील?"