दहाव्याला दिलेला शब्द

बानूबाई गेल्याचं रखमाजीला बन्सीच्या किराणा दुकानात कळलं. ती काविळीनं पुण्याच्या दवाखान्यात पडून होती, उशाशी तिचा भाऊ म्हाळू होता. म्हैस व्यायला झाली आणि लेक घरी एकटी, म्हणून रखमाजी तेवढ्यापुरता वडगाव रासाईला आला होता. गावात फोन बन्सीच्याच दुकानात. बन्सीनं तो घेतला, ऐकला आणि रखमाजीपुढं धरला.

"दाजी, आक्का गेली," म्हाळू म्हणाला.

रखमाजीच्या हातात खडीसाखरेची पुडी होती. बानूसाठीच घेतलेली. ती त्यानं बन्सीला परत दिली आणि घराकडं चालू लागला.

लेक अंकिता नदीपलीकडं दौंड तालुक्यातल्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला होती. तिथं सायन्सचं पहिलंच वर्ष निघालेलं, पुढचा वर्ग मंजूर नव्हता. दुसऱ्या वर्षाला पुण्याच्या कॉलेजात जागा मिळाली तर शिक्षण, नाहीतर लग्न, असं सरळ होतं. पोरीला गुण बरे पडायचे. पण जो तो म्हणायचा, नुसत्या गुणांवर पुण्यात कोण विचारतं? खेळाचा दाखला पाहिजे. आणि अंकिता खो-खो फार चांगली खेळायची. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की दाखला हातात आलाच म्हणून समजा, असं तिच्या सरांचं म्हणणं.

ती निवड नेमकी सुतकात आली. आदल्या संध्याकाळी इंद्रजीत सर मोटरसायकलवर घरी आले. ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "आबा, कसं बोलू कळत न्हाई. उद्या पोरीला पाठवाल का? मी सोताच्या गाडीवर नेतो, दिवस मावळायच्या आत आणून सोडतो."

रखमाजीची थोरली बहीण धुरपदा दारातच बसली होती. "आईची राख गार व्हईना, आन् पोरगी अर्धी चड्डी घालून नाचाया जायची व्हय, मास्तर?"

"नाचाया न्हाई, आत्या. खेळाया."

"लई शाना हायस. भावकी शेण घालंल तोंडात."

अंकिता आतल्या दाराशी उभी होती. ती बापाकडं बघत होती. रखमाजीनं तिच्याकडं बघितलं नाही. "सर, सुतक हाय," तो म्हणाला. "घरातलं माणूस भाईर न्हाई जायचं."

सर उठले. त्या रात्री पोर रडली, पण आईसाठी की खेळासाठी, ते विचारायची रखमाजीची छाती झाली नाही.

दहाव्याला भीमेच्या काठावर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, पण एकही खाली येईना. मेलेल्या माणसाचं काही राहिलं असलं की कावळा शिवत नाही, मग त्याला जिवंत माणसांनी शब्द द्यायचा, ही रीत. म्हाळू हात जोडून पुढं झाला. "आक्के, पोरीचं लगीन मी लावून देईन." कावळा हलला नाही. भावकीतला म्हातारा ज्योतिबा म्हणाला, "अगं, तुझी म्हस उपाशी न्हाई ठेवायचो. ये की आता, ऊन व्हाया लागलं." दोघंतिघं हसले.

"रखमा, तू बोल रं."

रखमाजी म्हणाला, "पोरीला पुण्याला शिकाया घालीन."

कावळा पंख झाडून तसाच बसला.

काय बोलायचं ते रखमाजीला मघापासून ठाऊक होतं. दौंडच्या मैदानावर पोरीचा सामना होता, तेव्हा बानू लेकीच्या चपला मांडीवर घेऊन रेषेजवळ बसली होती. अंकितानं खांबापाशी सूर मारून गडी टिपला, तशी बानू उठून ओरडली, "पळ, माझे बाय, पळ!" माणसं तिच्याकडं बघून हसली. घरी येताना तिनं सांगितलं, लहानपणी मेंढरांमागं आपण अशाच पळायचो, मेंढपाळांच्या सगळ्या वाड्यात आपल्याला कुणी गाठत नव्हतं. लग्नानंतर बानू पळालेली रखमाजीनं कधी बघितली नव्हती. पोरीला खेळाचा काय उपयोग, हे तिनं एकदासुद्धा विचारलं नव्हतं. ते रखमाजीच विचारायचा.

तो पिंडापाशी वाकला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटला, "बानू, तिला खेळू देईन."

कावळा उतरला आणि शिवला.

"काय सांगितलंस रं?" ज्योतिबानं विचारलं.

"काय न्हाई."

जूनमध्ये बापलेक पुण्याला गेले. कॉलेजातल्या बाईंनी गुणपत्रक बघितलं. "खेळ, नाटक, वक्तृत्व, काही?"

"खो-खो खेळत होते. आता नाही," अंकिता म्हणाली.

"चालेल. आम्ही गुणच बघतो. गुण चांगले आहेत तुझे."

रखमाजीला राहवलं नाही. "बाई, दाखला असता तर?"

"शेवटच्या जागेला दोघांचे गुण सारखे आले तर बघतो, काका. एरवी त्याचा उपयोग नाही. खेळायचंच असेल तर मागं मैदान आहे, मुली येतात सकाळी."

प्रवेश झाला. बाहेर आल्यावर अंकिता हसली. आई गेल्यापासून तसं हसू त्यानं बघितलं नव्हतं. "बगा आबा! उगंच जिवाला लावून घेतलं मी. दाखला लागलाच न्हाई."

रखमाजीलाही बरं वाटायला हवं होतं. आपण पोरीचं काही बुडवलं नाही, हे बाईंच्या तोंडूनच कळलं होतं. पण त्यानं शब्द दाखल्याचा दिला नव्हता.

"मैदान बगू की," तो म्हणाला.

मैदानावर कुणी नव्हतं. दोन खांब रोवलेले होते. अंकिता एका खांबापाशी गेली, त्याला हात लावून एक वळसा घेतला आणि थांबली. "चला आबा, यष्टी जाईल."

"हितं खेळशील का?"

"आता कशाला?"

आईसाठी, असं म्हणायला त्याचं तोंड उघडलं. पण ते म्हटलं की ती संध्याकाळही निघाली असती, सर ओट्यावर बसलेले आणि ही आतल्या दाराशी उभी असलेली. तो म्हणाला, "तसं न्हाई, सहज इचारलं."

दिवाळीला सांगू असं त्यानं ठरवलं. दिवाळीला अंकिता आली, फराळ करून, पुस्तकं वाचून परत गेली. तिचं शिक्षण नीट चाललंय. ती खेळत नाही. दहाव्याला आपण काय बोललो, ते रखमाजीनं तिला अजून सांगितलेलं नाही.